खूण क्रमांक सत्तेचाळीस

तीर्थस्वरूप आत्यास,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (हातांचा उल्लेख मुद्दाम केला आहे. या पत्रात हात फार येणार आहेत.) डोळ्याची पट्टी निघाली आणि आता तुला समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांचा रंगसुद्धा दिसतो, हे ताईकडून कळलं. फार बरं वाटलं. थेंब वेळेवर घालत जा. घालून झाल्यावर डोळे मिटून पडायचं असतं, लगेच उठून भांडी घासायची नसतात, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि तू ऐकलं नसणार. तुला वाचायला त्रास नको म्हणून अक्षर मोठं काढलं आहे. त्यामुळे पानं वाढली, त्याला नाइलाज आहे. (थोडा माझा स्वभावही आहे. तो तुझ्याच घराण्यातला.) इकडे बाबांची पाठ ठीक आहे, खाली सायकलींचं दुकान बरं चाललं आहे, जिन्याची चौथी पायरी अजून तशीच डुगडुगते. आईची तब्येत उत्तम आहे. ती गेले सोळा दिवस माझ्याशी बोलत नाही, एवढं सोडलं तर घरात सगळे सुखरूप आहेत.

आता हे असं का झालं ते पहिल्यापासून सांगते. तुझ्या परवानगीशिवाय मी तुझी एक वस्तू घेतली आणि ती भिंतीवर टांगली, म्हणून तुला सांगणं माझं कर्तव्यच आहे. तसं ते चार महिन्यांपूर्वीच होतं. पण तेव्हा मी यशाच्या भरात होते.

तुला आठवत असेल, पदवी मिळाली त्या दिवशी बाबांनी दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं होतं. आपल्या घरात आजवर एवढं शिकलेलं कुणी नाही, त्यामुळे त्या कागदाचं नेमकं काय करायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी आईने तो कपाटात सर्वांत वर ठेवला, जिथे ती चांगली चादर ठेवते. त्या कागदाच्या जोरावर मला गिरणीच्या ऑफिसात, कामगार कल्याण विभागात नोकरी लागली. विभाग म्हणजे एक टेबल, एक खुर्ची आणि मी. काम असं, की वर्धापनदिनाला भाषण करायचं आणि वर्षभर पाण्याच्या माठांवर झाकणं आहेत ना ते बघायचं. मी दोन्ही मनापासून केलं.

भाषणाचा विषय मीच निवडला: ‘जगाची भाषा एकच असावी.’ आत्या, हे माझं कॉलेजपासूनचं मत आहे आणि मी ते अजून पूर्ण सोडलेलं नाही. माणसं एकमेकांचं ऐकत नाहीत याचं कारण त्यांना एकमेकांचं कळत नाही, आणि कळत नाही याचं कारण प्रत्येकाने आपापली भाषा कवटाळून ठेवली आहे, असं माझं म्हणणं होतं. सगळे एकच भाषा बोलू लागले तर निम्मी भांडणं सुरूच होणार नाहीत आणि उरलेली लवकर मिटतील. मला दहा मिनिटं दिली होती. मी पंचवीस बोलले. पहिल्या रांगेतले मॅनेजर बाराव्या मिनिटाला झोपले आणि ‘गैरसमज कमी होऊन उत्पादन वाढेल’ या वाक्याला जागे झाले. (हे वाक्य मी मुद्दाम घातलं नव्हतं. ओघात आलं.) दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, जगाचं नंतर बघू, आपल्या दोन खात्यांपासून सुरू करा.

दोन खात्यांचं दुखणं तुला ठाऊक नाही, ते तुझ्या निवृत्तीनंतरचं. तू होतीस तेव्हा विणकामाचं एकच खातं होतं आणि मागांच्या खडखडाटात बायका ज्या हातांच्या खुणांनी बोलत, त्यातल्या निम्म्या तर तूच बसवलेल्या. नंतर मागच्या अंगाला नवं खातं उघडलं. तिथे दुसऱ्या मुलखातून आलेल्या बायका भरती झाल्या. त्यांची तोंडची भाषा वेगळी, हे तर झालंच. पण त्यांच्या हातांचीही भाषा वेगळी. आपल्याकडे तळहात उभा धरला की ‘थांब’. त्यांच्याकडे तळहात उभा धरला की ‘ठीक आहे, चालू दे’. वर्षभर दोन्ही खाती आपापल्या जागी सुखाने नांदली. मग नव्या खात्यातल्या एका बाईला आईच्या शेजारच्या मागावर आणलं. (तिला आमच्याकडे सगळे ‘नवी’ म्हणतात. ती आता जुनी झाली तरी नवीच राहणार असं दिसतं.) पहिल्याच आठवड्यात आईच्या मागात ताण्याचे उभे दोरे गुंतले. आईने डावा हात आत घातला आणि उजवा तळहात उभा करून नवीला सांगितलं, थांब, माग चालू करायचा दांडा ओढू नकोस. नवीने समजुतीने मान हलवली आणि दांडा ओढला.

करंगळीशेजारच्या बोटाचं नख गेलं. बोट वाचलं. आई घरी आली ती हाताला फडकं गुंडाळून, आणि म्हणाली, ‘नख काय, पुन्हा येतं.’ नवी जिन्याच्या खाली उभी राहून रडत होती. बाबा तिला पाणी द्यायला गेले आणि तिच्याशी हळूहळू, मोठ्याने आपल्याच भाषेत बोलत राहिले. (हळू बोललं की परकी भाषा कळते, असा बाबांचा विश्वास आहे.)

तेव्हा तू म्हणशील, ही पोरगी पुस्तकी खुळाने नाचली, तर ते संपूर्ण खरं नाही. मी आईच्या बोटासाठी नाचले.

पुढचे सहा रविवार आई स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली आणि मी समोर कागद घेऊन. ती एक खूण करायची, मी हाताचं चित्र काढायचं आणि खाली अर्थ लिहायचा. नवीला बोलावून तिच्या खात्यातल्या खुणा घ्यायच्या आणि दोन्हीकडची मिळून एक ठरवायची. ‘थांब’ची आपली ठेवली, ‘दोरा संपला’ची त्यांची घेतली, त्यांची खरंच जास्त सुटसुटीत आहे. आईला कौतुक वाटत होतं, आत्या. ती बोलली नाही, पण स्टुलावर बसताना ती साडी नीट करून बसायची, फोटो काढायला बसतात तशी. एकदाच अडखळली. डाव्या हाताचं बोट आणि अंगठा चोचीसारखा करून तिने उजव्या तळहातावर दोनदा टोचलं, आणि लगेच हात खाली घेतले.

‘ही नको घेऊस.’

‘का?’

‘कामाची नाही.’

‘आई, भाषेत कामाचं आणि बिनकामाचं असं काही नसतं.’

आई म्हणाली, ‘बरं बाई. कोंबडी. कोंबडी म्हणजे कोंबडी, एवढंच लिही.’

मी तेवढंच लिहिलं: खूण क्रमांक सत्तेचाळीस, कोंबडी (पक्षी). वर मॅनेजरांसाठी एक तळटीपही जोडली. ती तुला न सांगता पुढे जाणं प्रामाणिकपणाचं होणार नाही, म्हणून जशीच्या तशी देते: ‘विणकाम खात्यात या शब्दाचा वापर दिवसातून तीसचाळीस वेळा होत असल्याचे दिसते. कामगार भगिनी जोडधंदा म्हणून कोंबड्या पाळत असाव्यात. या उपक्रमास उत्तेजन देण्यासारखे आहे.’

एकशे बारा खुणांचा तक्ता छापून आला. एक जुन्या खात्यात, एक नव्या खात्यात आणि एक ऑफिसच्या भिंतीवर, घड्याळाखाली. मॅनेजर म्हणाले, उत्तम. सुपरवायझर म्हणाले, उत्तम, आणि खिशातून वही काढून उतरवून घेऊ लागले. त्या दिवशी घरी येताना मला वाटलं, जगाची एक भाषा आज दोन खाती आणि एक ऑफिस एवढी झाली. उरलेलं जग फक्त वेळेचा प्रश्न आहे.

तक्त्याने काही चांगलं झालंच नाही असं कुणी म्हणालं तर मी ऐकणार नाही. पाच महिने नवी आईच्या शेजारी उभी होती आणि दोघींनी एकमेकींना ‘थांब’ आणि ‘चालू दे’ यापलीकडे काही सांगितलं नव्हतं. तक्ता लागल्यावर तिसऱ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, नवी आईला हाताला धरून तक्त्यापाशी घेऊन गेली. तिने एकेका चित्रावर बोट ठेवलं. माझी. आई. गेली. मग कापणीच्या टेबलावरचं दिनदर्शिकेचं पान मागे उलटून दाखवलं, तीन पानं. तीन महिन्यांपूर्वी तिची आई गेली होती, त्या दिवशी ती कामावर आली होती, आणि खात्यात कुणालाही कळलं नव्हतं. आईने हे मला घरी सांगितलं आणि म्हणाली, ‘तुझ्या तक्त्यामुळे कळलं हो.’ आत्या, माझ्या पदवीबद्दल कुणी इतकं चांगलं बोललेलं नाही. ते वाक्य मी अजून जपून ठेवलं आहे, कारण त्यानंतर आईने मला फारशी वाक्यं दिली नाहीत.

दुसऱ्या आठवड्यात खात्यातले हात बंद पडले. मी माठांची झाकणं बघायला गेले तर मला चुकल्यासारखं झालं. आवाज तोच, माग तेच, पण बायका गप्प. लहानपणी मी आईचा डबा द्यायला यायचे तेव्हा ते खातं मला पाखरांनी भरलेल्या झाडासारखं वाटायचं, सगळीकडे हात फडफडताहेत. आता हात नुसते कामाला होते. एकीला विचारलं, काय झालं? तिने माझ्याकडे बघितलं, मग काचेतून दिसणाऱ्या ऑफिसच्या भिंतीकडे बघितलं, आणि दोरा जोडू लागली. मला तेव्हाच कळायला हवं होतं. मला वाटलं, नवी भाषा आहे, सवय व्हायला वेळ लागतो.

सुपरवायझरांना मात्र सवय झाली. हे तुझ्यानंतर आलेले, अठरा वर्षांपूर्वी. माणूस वाईट नाही. पाठीमागे हात बांधून, मान पुढे काढत काढत दोन रांगांमधून चालतात, आणि कापड चांगलं उतरलं की वर जाऊन ‘मी करून घेतलं’ म्हणतात. त्यांनी रात्रंदिवस तक्ता पाठ केला. विषयाची इतकी गोडी मी कॉलेजातही कुणाला लागलेली पाहिली नाही. पुढे बायकांचे हात थोडेथोडे पुन्हा चालू लागले, आणि एका सकाळी ते दारातून आत येताना, सवयीने बेसावध झालेल्या आईने रांगेच्या दुसऱ्या टोकाला चारपाच खुणा केल्या. त्यातली पहिली त्यांनी ओळखली. सत्तेचाळीस.

मग त्यांनी दोन दिवस नुसतं पाहिलं. ते आत आले की कोंबडी. दुसऱ्या दाराने आले तरी कोंबडी. ते नसताना कधीही कोंबडी नाही. माझी तळटीप त्यांनी वाचली होती, तरी त्यांना पटेना की त्यांना पाहिलं की बायकांना जोडधंदा आठवतो. त्यांनी लेखी तक्रार दिली: कामाच्या वेळेत वरिष्ठांचा हातवाऱ्यांनी अपमान. आईला नोटीस आली. सिद्ध झालं तर कामावरून कमी. निवृत्तीला आठ महिने राहिले आहेत, आत्या. एकोणतीस वर्षांत एकही खाडा नसलेल्या बाईला शेवटी असं काढणार, आणि तेही तिच्या मुलीने छापलेल्या कागदावरून. आईने नोटीस वाचून घडी घातली आणि मला म्हणाली, ‘भाजी ढवळ, लागेल.’ तेव्हा ती बोलत होती.

चौकशी मॅनेजरांच्या खोलीत झाली. बाहेरून एक चौकशी अधिकारी आले होते, बारीक आवाजाचे, पेन्सिलींना फार जपणारे. एका बाजूला सुपरवायझर, दुसऱ्या बाजूला आई, आणि मधे तज्ज्ञ म्हणून मी. (तक्त्याखाली माझं नाव आणि पदवी छापलेली आहे. मीच आग्रहाने छापून घेतली होती.) अधिकारी म्हणाले, नेमक्या काय खुणा झाल्या ते करून दाखवा. सुपरवायझर उठले. आणि त्यांनी आईचं वाक्य करून दाखवलं.

आता पुढचं लिहायला हात उचलत नाही, पण लिहिते. त्यांनी ते अगदी अचूक केलं. चोच, तळहातावर दोनदा टोच, मग दोन्ही मुठी पोटाशी, मग छातीवर बोट, मग मनगट हलवत हवेत गोल. अठरा वर्षं बघितलेलं, नकळत मनात बसलेलं. मला भरून आलं. चार महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी ऑफिसचा माणूस त्या भाषेत संपूर्ण वाक्य बोलला होता! ते म्हणाले, ‘यातलं मला फक्त कोंबडी आली एवढंच लागलं. पुढचं तक्त्यात सापडत नाही.’ आणि मी म्हणाले, सापडेल कसं, ते तक्त्यात जोडून दिलेलं नाही, पण सोपं आहे. ‘कोंबडी आली. अंडी आपण घालायची आणि ओरडत ही फिरणार.’

मी आईकडे बघितलं तेव्हा मला कळलं की मी काय केलं. तक्रार कोंबडीपुरती होती, तिची अंडी मी पुरवली.

अधिकाऱ्यांनी पेन्सिल खाली ठेवली. ‘आणि कोंबडी म्हणजे कोण?’

आत्या, मी एक शब्दही बोलले नाही. पण माझी नजर सुपरवायझरांकडे गेली. त्याचा अर्थ विचारायला कुणाला तक्ता लागला नाही. (जगाची एक भाषा आधीच आहे की काय अशी शंका मला त्या क्षणी आली. पण ती पुरेशी विचारपूर्वक नव्हती, म्हणून इथे मांडत नाही.)

तू म्हणशील, खोटं बोलली असतीस तर काय बिघडलं असतं? मला येत नाही. सात वर्षांची असताना मी दुकानातली घंटी मोडून ‘आपोआप मोडली’ म्हणाले होते, तेव्हा आईने मला ती घंटी घेऊन आठ दिवस शाळेत पाठवलं. हा गुण तिचाच आहे. तो तिच्यावरच उलटेल हे तिला तेव्हा कुणी सांगितलं नाही.

अधिकाऱ्यांनी आईला विचारलं, तुमचं काय म्हणणं? आई उभी राहिली, पदर सारखा केला आणि म्हणाली, ‘हा तक्ता आमचा नाही. आम्ही खात्यात जे बोलतो ते यात नाही. पाहिजे तर माझ्या मुलीला विचारा, तिला मी काय बोलते ते कळतं का.’

अधिकाऱ्यांना हे पसंत पडलं, कारण त्यात नियमात बसणारं काहीतरी होतं. त्यांनी निकाल पुढे ढकलला. येत्या गुरुवारी ते खात्यात येऊन मागांजवळ उभे राहणार. बायका काम करता करता बोलतील आणि तक्त्याची लेखिका म्हणून मी त्यांना अर्थ सांगायचा. मला अर्थ लागला तर तक्ता म्हणजे खात्याची खरी भाषा, मग तक्रार सिद्ध, आई घरी. नाही लागला तर तक्ता रद्दीत आणि त्याच्यासोबत तक्रारही.

त्याच संध्याकाळपासून आई माझ्याशी बोलायची थांबली. रागावून आदळआपट नाही, काही नाही. जेवायला वाढते, दिवा लावते, बाबांना सांगते, ‘तिला सांगा, छत्री ने.’ बाबा माझ्याकडे वळून सांगतात, ‘छत्री ने.’ मी म्हणते, नेते. बाबा आईकडे वळून सांगतात, ‘नेते म्हणते.’ आम्ही तिघं एकाच टेबलाशी असतो, गुडघ्याला गुडघे लागताहेत. चौथ्या दिवशी बाबा म्हणाले, ‘मला दुकानात एवढं बोलावं लागत नाही,’ आणि ताट घेऊन खाली गेले.

आणि खिडकी, आत्या. नवी आता आपल्या समोरच्या खोलीत राहायला आली आहे, बोळाच्या पलीकडे. आई स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहते, नवी तिच्या खिडकीत, आणि दोघींचे हात चालतात. भरभर, हसत, वाद घालत. आणि मला त्यातलं काही म्हणजे काही कळत नाही. आधी वाटलं अंधारामुळे. मग सकाळी पाहिलं. एकही खूण माझ्या तक्त्यातली नाही. खात्यात गेले तर तिथेही तेच, पाखरं परत आलेली आणि बोलणं सगळं नवं. परमुलखातल्या नवीला ते आठवड्यात आलं. ज्या घरात ती भाषा मी दुधाबरोबर प्यायले, त्या घरात मी परकी.

परवा सुपरवायझर माझ्या टेबलाशी आले. हातात तक्ता, चार घड्या घातलेला.

‘हे सगळं बदललं का हो?’

म्हटलं, हो.

‘तुम्हालाही कळत नाही?’

‘नाही.’

ते खुर्चीच्या कडेवर टेकले. म्हणाले, ‘अठरा वर्षं मी त्या रांगांमधून फिरतोय. सगळ्यांचे हात चालू असायचे, मला वाटायचं कामाचं बोलतात. तक्ता आल्यावर वाटलं, आता आपल्यालाही दोन शब्द टाकता येतील. म्हणून पाठ केला. आणि पहिलं वाक्य कळलं ते हे.’ मग म्हणाले, ‘कोंबडीच का? मी काही तसा...’ आणि मान पुढे काढून माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. मी म्हटलं, तक्रार मागे घ्या. ते म्हणाले, ‘वर गेलेला कागद खाली येत नाही, तुम्हाला माहीत नाही का? गुरुवारी तुम्हाला काही कळू नये, एवढंच मी म्हणू शकतो.’ जाताना त्यांनी दारात वळून तळहात उभा केला. थांब की ठीक आहे, ते मला लागलं नाही. बहुतेक नमस्कार असावा.

या सगळ्याचा मी पुष्कळ विचार केला आहे आणि माझं मत बदललं नसून नीट झालं आहे. जगाची भाषा एकच असावी, पण ती अकरा शब्दांची असावी. मी मोजले. थांब. चालू दे. हात आत आहे. आग. पाणी. दुखतंय. मदत. कुणी गेलं. मी आहे. तू कोण. जेवलीस का. एवढे अकरा सगळ्या जगाला एकसारखे कळले पाहिजेत, त्यात कुणाचं नख जाता कामा नये. बाकीचं ज्याचं त्याने आपापल्या रांगेत ठेवावं आणि ऑफिसच्या भिंतीवर लावू नये. अकरा खुणांचा वेगळा लाल फलक मी अधिकाऱ्यांना लिहून दिला आहे आणि त्यांनी तो गुरुवारच्या परीक्षेतून वगळून कायमचा मंजूरही केला. माझ्या पदवीचा आजवर झालेला एवढाच उपयोग. पण तो तुझ्या आणि आईच्या हातांतून न विचारता उचललेल्या मालावर झाला आहे, त्याबद्दल मी तुझी माफी मागते. रागावली असशील तर हक्काने रागाव. फक्त लेखी रागाव, म्हणजे मला कळेल.

ताईला आणि मुलांना आठवण सांग. थेंब विसरू नकोस.

तुझीच,
भाची (पदवी मुद्दाम लिहिलेली नाही)

ता. क. हे पत्र उद्या आई स्वतः आणेल. मी ते चिकटवलं आहे आणि ती फोडणार नाही. मागच्या आणि त्याच्या मागच्या रविवारीही ती तुझ्याकडे थेंब द्यायला आली होती ना? आत्या, डोळ्याच्या थेंबांची बाटली महिनाभर पुरते. आणि येताना ती बसमध्ये पूर्ण वेळ मांडीवर बोटं हलवत बसली होती, असं कंडक्टरने बाबांना सांगितलं. नव्या खुणा कुणी बसवल्या हे मला विचारायची गरज नाही. इतक्या सुटसुटीत तुझ्याशिवाय कुणाला जमणार? मी तुला वर चार पानं जे समजावून सांगितलं ते तुला माझ्याआधी माहीत होतं, हे माझ्या पाचव्या पानावर लक्षात आलं. पानं फाडवली नाहीत म्हणून पाठवते.

ता. क. दुसरी. आता खरं काम. मी मागे लागून काही शिकले नाही, जेवताना खाली बघते, खिडकीकडे पाठ करून बसते. तरी मला कळायला लागलं आहे. शेवटी हात आईचेच आहेत. काल शुक्रवारी एक खूण लागली, आज सकाळी तीन. या चालीने गुरुवारपर्यंत वाक्यं लागतील, आणि अधिकाऱ्यांनी विचारलं की मी सांगून टाकीन, तुला माझं माहीत आहे. म्हणून हात जोडून विनंती: उद्याच्या उद्या सगळ्या पुन्हा बदल. अवघड कर. आईला नीट पाठ करून दे आणि मला काही कळवू नकोस.

ता. क. तिसरी. आज सकाळी जे लागलं ते असं. आईने खिडकीतून नवीला सांगताना एका बोटाने तळहातावर लिहिल्यासारखं केलं. ती बहुधा मी. मग बोटं मिटून तोंडाशी नेली आणि उघडलीच नाहीत. मग हात स्वतःच्या गळ्यावर ठेवला. लिहिणारी जेवत नाही, माझ्याही घशाखाली उतरत नाही. नवीने काय उत्तर दिलं ते कळलं नाही. तोवर मी चुलीकडे तोंड फिरवलं होतं.

तर बाकी सगळ्या बदल, पण ती तळहातावर लिहायची, तेवढी एक राहू दे. आईला फक्त सांग, गुरुवारी ती करू नकोस. शुक्रवारपासून कर, आणि खिडकीकडे नाही, माझ्याकडे बघून कर.